१०१ ला फोन केल्यावर पलीकडचा माणूस प्रश्नच का विचारत बसतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: घोडबंदर रोडला कासारवडवलीजवळ बावीस मजली इमारतीत राहतो. रात्री तळमजल्यावरच्या मीटर रूमला आग लागली. फोन केला तर पलीकडचा माणूस गाडी पाठवायची सोडून प्रश्नांवर प्रश्न विचारत राहिला. बंब आला, तर जवान लगेच पाणी मारायचं सोडून इमारतीभोवती फिरून बघत राहिले. यात वेळ वाया जात नाही का?

मी या पट्ट्यात अग्निशमन सेवेत आधी फायरमन म्हणून लाइनवर, मग वॉच रूममध्ये, म्हणजे आगीचे फोन घेण्याच्या खोलीत, आणि शेवटी अधिकारी म्हणून काम केलं आहे. माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. पण नुसत्या ‘नाही’ने तुमचा राग जाणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्याशी बोलणं चालू असताना गाडी केंद्रातच उभी असते, हा पहिला गैरसमज. जागा आणि प्रकार या दोन गोष्टी कळल्या की वर्दी, म्हणजे आगीची खबर, घेणारा माणूस बेल देतो. तुम्ही पुढचं वाक्य बोलेपर्यंत खाली ड्रायव्हरने इंजिन चालू केलेलं असतं. त्यानंतरचे सगळे प्रश्न गाडीत बसलेल्या माणसांसाठी असतात. तो तुमचं ऐकतो आणि वायरलेसवर सांगतो, “मीटर रूम, तळमजला, जिन्यात धूर, वर माणसं अडकलेली.” एवढ्या एका ओळीवर मागच्या सीटवरचा फायरमन श्वसनयंत्र, म्हणजे आमच्या भाषेत बीए सेट, गाडीतच पाठीवर चढवून घेतो. ती ओळ मिळाली नाही तर तेच काम तुमच्या गेटवर उतरून करावं लागतं. म्हणजे तुम्ही फोनवर दिलेला अर्धा मिनिट आम्हाला खाली दोन मिनिटं वाचवून देतो.

आता जागा. बाहेरच्या माणसाला वाटतं पत्ता सांगणं सोपं आहे. ठाणे आणि नवी मुंबईत ते सर्वांत अवघड काम आहे. “सेक्टर ८ मध्ये आग लागलीय, लवकर या,” म्हणून फोन ठेवणारे लोक मी ऐकलेत. सेक्टर ८ वाशीत आहे, ऐरोलीत आहे, कोपरखैरणेत आहे, नेरूळमध्ये आहे आणि सीबीडी बेलापूरलाही आहे. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे उपनगरात, आकडे पुन्हा एकपासून सुरू केले, त्याचं ओझं वर्दी घेणाऱ्याच्या डोक्यावर आलं. ठाणे पूर्वेला कोपरी आहे आणि वाशीजवळ कोपरी गाव आहे. शिवाय कोपरखैरणे आहे आणि डोंबिवलीला लागून कोपर स्टेशन आहे. घाबरलेला माणूस यातलं काहीही अर्धवट उच्चारतो. नौपाड्यात साईकृपा, गुरुकृपा नावाच्या इमारती किती असतील याचा अंदाज तुम्हीच करा. वागळे इस्टेटमध्ये नुसतं कंपनीचं नाव चालत नाही, रोड नंबर लागतो. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एमआयडीसीत प्लॉटच्या आकड्याआधीचं अक्षर लागतं, ए की सी की डी की आर. अक्षर चुकलं तर गाडी तुर्भ्याऐवजी रबाळ्याला जाऊन उभी राहू शकते.

म्हणून आमचा माणूस आधी शहर विचारतो. तुम्हाला तो मूर्खपणा वाटतो, कारण तुम्हाला तुमचं शहर माहीत असतं. पण मोबाइलवरून लावलेला १०१ कधी कधी शेजारच्या शहराच्या नियंत्रण कक्षात जाऊन लागतो. विटावा आणि दिघा एकमेकांना चिकटलेले, पण महापालिका वेगळ्या. ऐरोलीच्या खाडीकिनाऱ्यावरून दिसणारा धूर पुष्कळदा मुलुंडच्या बाजूचा असतो. ११२ लावलात तर फोन महाप्याच्या मुख्य केंद्रात जातो, नाहीतर नागपूरच्या दुसऱ्या केंद्रात. तिथल्या मुलीला अख्ख्या महाराष्ट्राचे फोन घ्यायचे असतात. तिच्या स्क्रीनवर तुमची जागा नकाशावर साधारण दिसते, पण तुम्ही तळमजल्यावर आहात की अठराव्या मजल्यावर, हे कुठलाही नकाशा दाखवत नाही. तेव्हा क्रम लक्षात ठेवा: शहर, भाग किंवा नोड, रस्ता, इमारत, विंग, मजला. आणि घोडबंदर रोडवर असाल तर ठाण्याकडे जाणारी बाजू की बोरिवलीकडे जाणारी, हे सांगा. तिथे समोर दिसणाऱ्या इमारतीला पोचायलाही दूरच्या सिग्नलला वळसा घालावा लागतो, आणि कंटेनरच्या रांगेमधून मोठी गाडी रिव्हर्स घेता येत नाही.

कुठल्या गेटने यायचं, हेही सांगा. तीन गेट असलेल्या कॉम्प्लेक्समध्ये दोन रात्री कुलूपबंद असतात.

पुढचा प्रश्न: काय जळतंय? याचं उत्तर लोक ‘आग लागलीय’ असं देतात. ते आम्हाला कळलेलं असतं. आम्हाला हवं असतं ते वेगळं. स्वयंपाकघर असेल तर सिलिंडर की पाइपचा गॅस? घरगुती सिलिंडरमधला १४.२ किलो एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत पसरतो, मोरीत आणि पलंगाखाली साचतो. पाइपमधून येणारा नैसर्गिक वायू हलका, तो वर छताकडे जातो. दोन्ही ठिकाणी बटणाला हात लावायचा नाही, चालू बंद करायचं नाही आणि बंद चालूही करायचं नाही. पण वास कुठे येतोय आणि कोणती खिडकी उपयोगाची, हे यावर ठरतं. आग नसून नुसती सिलिंडरची गळती असेल तर १९०६ हा वेगळा क्रमांक आहे. कढईतल्या तेलाने पेट घेतला असेल तर पाणी ओतू नका, हे आम्ही फोनवर ओरडून सांगतो, कारण गाडी पोचण्याच्या आत घरातला कोणीतरी बादली उचलतोच. विद्युत स्कूटर असेल तर ती चार्जिंगला होती का आणि जिन्याखाली होती का, हे विचारतो. लिथियमची बॅटरी विझल्यासारखी दिसते आणि तासाभराने पुन्हा पेटते, त्यामुळे तिला थंड करायला पाणी भरपूर लागतं आणि गाडी तिथे जास्त वेळ थांबवावी लागते.

एमआयडीसीत हा प्रश्न जीवावरचा होतो. तुर्भे, पावणे, रबाळे, महापे, सगळीकडे रात्री फोन करणारा बहुधा सुरक्षारक्षक असतो. त्या बिचाऱ्याला आत काय साठवलंय हे कोणी सांगितलेलंच नसतं. मग आम्ही त्याला म्हणतो, “मामा, आत जाऊ नका. बाहेरून पिंपावर काय लिहिलंय तेवढं वाचा, नाही जमलं तर फोटो काढा.” सोडियमसारख्या धातूवर पाणी पडलं तर स्फोट होतो. शीतगृहात अमोनिया असतो, तिथे वाऱ्याची दिशा कळल्याशिवाय गाडी कुठून न्यायची हेच ठरत नाही. मुंब्रा बायपासला किंवा गायमुखच्या उतारावर टँकर उलटला तर त्याच्या पाटीवरचा चार आकडी क्रमांक दुरून वाचा आणि फोनवर सांगा. १००५ म्हणजे अमोनिया, १०१७ म्हणजे क्लोरीन, १०७५ म्हणजे एलपीजी, १२०३ म्हणजे पेट्रोल. तो आकडा ऐकला की निघालेल्या गाडीचा अधिकारी अर्ध्या वाटेतच ठरवतो की जवळ जायचं, की वाऱ्याच्या वरच्या अंगाला थांबायचं.

१४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाला आग लागली, त्यात कापसाच्या गाठी आणि स्फोटकं एकाच जहाजात भरलेली होती. स्फोटात अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. दरवर्षी १४ एप्रिलला आम्ही त्यांना मानवंदना देतो आणि २० तारखेपर्यंत अग्निशमन सेवा सप्ताह असतो. शाळेतली मुलं केंद्र बघायला येतात, होजने पाणी उडवून दाखवलं की खूश होतात. त्या मुलांना मी पाण्याआधी हेच सांगायचो, की आत काय आहे हे विचारल्याशिवाय फायरमन पाऊल टाकत नाही.

आता तुमच्या मीटर रूमकडे येतो, कारण उंच इमारतीतल्या ज्या वर्द्यांना मी सर्वांत जास्त घाबरायचो त्या याच. आग छोटी असते, विजेचे चार-सहा मीटर आणि केबलचा गुंता. पण प्लास्टिकच्या वेष्टनाचा काळा धूर जिन्यात आणि डक्टमध्ये, म्हणजे केबल-पाइपच्या उभ्या पोकळीत, शिरतो. धूर जिन्याने वर चढतो आणि माणसं जिन्याने खाली उतरतात. मध्ये कुठेतरी दोघांची गाठ पडते. तिथेच माणसं पडतात. ज्वाळेचा चटका बहुतेकांना लागलेलाही नसतो.

म्हणून तुम्ही नवव्या मजल्यावरून फोन केलात तर ऑपरेटर विचारतो, “ताई, जिन्यात धूर आहे का? दार उघडू नका, आधी हाताची मागची बाजू दाराला लावून बघा, गरम लागतंय का?” दार बंद, फटीला ओला टॉवेल, सगळ्यांनी गॅलरीत, एकाने मोबाइलचा टॉर्च हलवत राहायचं. आग तुमच्या मजल्यावर नसेल आणि जिना धुराने भरलेला असेल तर घरात थांबणं हाच बहुतेक वेळा शहाणपणा असतो. जिना स्वच्छ असेल तर मात्र ताबडतोब उतरा, लिफ्ट वापरू नका. आणि एक विनंती: खिडक्यांना बसवलेल्या बॉक्स ग्रिलला एक उघडणारी झडप ठेवा, तिची किल्ली शेजारच्या खिळ्याला टांगा. चोराच्या भीतीने आपण स्वतःलाच पिंजऱ्यात घालून घेतो, मग शिडी लावूनही आम्ही काय करणार?

असा अडकलेला माणूस फोनवर असतो तेव्हा ऑपरेटर लाइन सोडत नाही. या कामाबद्दल कोणी लिहीत नाही. त्याला आग दिसत नाही, धूर दिसत नाही, फक्त श्वास ऐकू येतो. त्याच वेळी शेजारचे दोन फोन वाजत असतात आणि त्यातले बहुतेक याच आगीचे असतात. पण प्रत्येक उचलावाच लागतो, कारण एखादा दुसऱ्याच ठिकाणचा निघतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री हे हमखास घडतं. एका रॉकेटने पेटलेल्या गॅलरीसाठी दहा जण फोन करतात आणि अकरावा फोन भलत्याच सोसायटीतला असतो. नवा मुलगा वॉच रूमला बसला की पहिले काही दिवस तो समोरच्याच्या आवाजाबरोबर स्वतःचा आवाज चढवतो. जुना माणूस आवाज खाली आणतो, मग समोरचाही हळूहळू खाली येतो. हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवून येत नाही. आणि गाडी ‘स्टॉप मेसेज’ देते, म्हणजे वर्दी संपल्याचं कळवते, तेव्हा फोनवरच्या त्या अडकलेल्या माणसाचं पुढे काय झालं हे ऑपरेटरला पुष्कळदा कळतही नाही. तोवर संक्रांतीच्या मांजात अडकलेल्या घारीचा नाहीतर पावसात पडलेल्या गुलमोहराचा फोन आलेला असतो.

जवान फिरून का बघत होते, याचं उत्तर तुमच्या बाबतीत अगदी सोपं आहे. मीटर रूममध्ये वीज चालू होती. वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत तिथे पाणी मारणं म्हणजे स्वतःच्या हाताने मरण ओढवून घेणं. ते मेन स्विच शोधत होते, बाहेरचा फीडर पिलर, म्हणजे इमारतीला वीज देणारी पेटी, शोधत होते आणि महावितरणच्या माणसाची वाट बघत होते. तोवर कोरड्या पावडरने किंवा कार्बन डायऑक्साइडने जमेल तेवढी आग दाबायची. (कळवा, मुंब्रा, शीळमध्ये २०२० पासून वीज टोरंट पॉवरकडे आहे, तिथे तो फोन दुसरीकडे जातो. हेही वॉच रूमला माहीत असावं लागतं.)

पण वीज नसतानाही अधिकारी आधी एक फेरी मारतोच. धुराचा रंग, तो कुठल्या खिडकीतून जोरात येतोय, कुठलं दार बंद आहे, आत कोण आहे, हे बघतो. बंद खोलीत आग गुदमरलेली असते; दार घाईने उघडलं की हवा आत जाते आणि सगळं एकदम भडकतं. पाण्याचंही तसंच. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १,७०० पट जागा व्यापते. आत माणूस असताना बाहेरून खिडकीत आंधळेपणाने फवारा मारला तर त्या वाफेने तो भाजतो. लोक खालून ओरडत असतात, “मारा ना पाणी, बघताय काय?” ते ओरडणं सहन करून थांबणं हा नोकरीचा भाग आहे.

शिवाय पाणी किती, हाही हिशोब आहे. बऱ्याचशा गाड्यांच्या टाकीत साडेचार-पाच हजार लिटर पाणी असतं. एका नोझलमधून मिनिटाला साडेचारशे लिटर गेलं तर दहा मिनिटांत टाकी कोरडी. बीए सेटचंही गणित असंच: ६.८ लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाबाने सुमारे २,००० लिटर हवा बसते. मध्यम मेहनतीच्या कामाला मिनिटाला ४० लिटर धरली तर पन्नास मिनिटं. पण होज ओढत पंधरा मजले चढून गेलेला माणूस दुप्पट हवा ओढतो, म्हणजे निम्मा वेळ. त्यातून परत येण्यापुरती हवा राखायची असते, दाब पन्नास बारच्या आसपास उतरला की शिट्टी वाजते आणि काम अर्धवट असलं तरी बाहेर यायचं असतं. म्हणूनच जोडीने जातात, आणि बाहेर एकजण पाटीवर नावं व वेळ लिहून उभा असतो. तो रिकामटेकडा दिसतो. त्याला गप्पांत गुंतवू नका.

यावरून एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. अठराव्या मजल्यावरची आग आम्ही गाडीतल्या पाण्याने विझवत नाही. ती तुमच्या इमारतीच्या पाइपने, तुमच्या टाकीतल्या पाण्याने आणि तुमच्या पंपाने विझते. आम्ही आगीच्या खालच्या मजल्यावरच्या व्हॉल्व्हला होज जोडून वर चढतो. बंब गेटपाशी येईपर्यंतचा उशीर लोक मोजतात, पण खरा उशीर तिथून पुढे होतो. पंपाचं पॅनेल ‘ऑटो’वर नसून बंद असतं, कारण पाइपमधला दाब राखणारा छोटा जॉकी पंप रात्री आवाज करतो म्हणून कोणीतरी तक्रार केलेली असते. डक्टमधल्या होज बॉक्समधलं पितळी नोझल भंगारात गेलेलं असतं. व्हॉल्व्हचं चाक गंजून बसलेलं असतं. डक्टचं दार उघडायला गेलं तर आत कुणाच्या तरी सायकली, चपलांचे रॅक आणि जुन्या गाद्या. गच्चीला कुलूप, किल्ली सेक्रेटरीकडे, सेक्रेटरी गावाला. इमारतीभोवती सहा मीटरचा मोकळा रस्ता मंजूर नकाशात असतो, प्रत्यक्षात तिथे पाहुण्यांच्या गाड्या, नाहीतर पेव्हर ब्लॉक घालून केलेली बाग. शिडीची गाडी प्रचंड जड असते, तिचे जॅक टेकायला सपाट आणि टणक जमीन लागते, बागेत ते रुततात.

महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचा ‘फॉर्म बी’ द्यावा लागतो. सोसायट्या तो देतात. माझा आग्रह एवढाच, की ज्या दिवशी एजन्सीचा माणूस सही करायला येईल त्या दिवशी दोन कमिटी मेंबरांनी त्याला सर्वांत वरच्या मजल्यावर नेऊन होजमधून पाणी काढून दाखवायला सांगावं. धार आली तर सही खरी. पंपाचं पॅनेल कसं चालू करायचं हे रात्रपाळीच्या वॉचमनलाही दाखवून ठेवा, कारण पहाटे तीनला तोच जागा असतो.

पुढच्या वेळी फोन केलात की एक धडधाकट माणूस गेटवर आणि एक मुख्य रस्त्याच्या वळणावर उभा करा, आडव्या लावलेल्या गाड्या हलवायला घ्या, आणि अधिकारी उतरला की कोणीतरी एकानेच त्याला सांगा की कुठल्या मजल्यावर कोण अडकलंय, आजारी कोण, एकटं म्हातारं माणूस कुठे. दहा जणांनी एकदम सांगू नका.

आणि फोन मोकळा ठेवा. वर्दी दिल्यावर नातेवाइकांना व्हिडिओ कॉल सुरू होतात आणि इकडे आमचा ड्रायव्हर चौकात उभा राहून कुठे वळायचं विचारत असतो. वॉच रूममधून तुम्हाला उलट फोन येतो. तो अनोळखी लँडलाइनचा नंबर असतो, आणि लोक तो कर्जवाल्यांचा समजून कापतात. कापू नका.